फोटोतला पांढरा डोळा

कॅमेरा खराब निघाला, असं मी त्या दुकानदाराला तोंडावर सांगितलं होतं, तेही आवाज चढवून. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी. जुनी वस्तू चांगली म्हणून आपल्या गळ्यात मारली, या विचारानं माझं डोकं तापलं होतं. ती सकाळ मी अजून विसरू शकलेले नाही.

कॅमेऱ्याचं खूळ डोक्यात शिरलं ते फोनमुळे. निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. एकदा कपडे भिजवताना फोन बादलीत पडला. तांदळाच्या डब्यात ठेवला, उन्हात ठेवला, दुरुस्तीवाल्याकडे दोन दिवस ठेवला. फोन काही उठला नाही. फोनचं मला वाईट वाटलं नाही, पण त्यात माझ्या नातीचं पहिलं वर्ष होतं. ती पहिल्यांदा पालथी पडली तो दिवस, पहिला दात, जावळ काढतानाचं रडणं. सगळं बादलीत गेलं. एकाही फोटोची कागदावर प्रत काढलेली नव्हती.

नवा फोन घेतला, तर तो भलताच निघाला. त्यात फोटो काढला की सगळ्यांची तोंडं पावडर थापल्यासारखी दिसायची. माझ्या गालावर लहानपणापासून मस आहे, तो त्यानं न विचारता पुसून टाकला. सावळी नात गोरीपान करून टाकली. मला ती आहे तशी हवी होती, कपाळावर घामोळं आलेली, हनुवटीला वरण लागलेली. तेव्हा मी ठरवलं, फोन बोलायला आणि कॅमेरा फोटोला. कॅमेरा मात्र माझ्या ऐपतीतला हवा, रोज हाताळता येईल असा. कपाटात जपून ठेवायचा नको.

घाई होती ती वेगळ्या कारणानं. माझी लेक केम या गावी दिलेली आहे. जावई शेती बघतात. शिक्षक भरतीची परीक्षा द्यायची म्हणून लेक दोन महिन्यांसाठी सोलापूरला माझ्याकडे आली होती. सकाळी आठला डबा घेऊन अभ्यासिकेत जायची ती पाचला परत यायची. तोवर भवानी पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत मी आणि नात, दोघीच. नात पावणेदोन वर्षांची. हे दोन महिने संपले की ती केमला जाणार आणि मला पुन्हा सणावारालाच दिसणार, हे मला कळत होतं. त्या आधी फोटो काढून घ्यायचे होते.

एका रविवारी नातीला लेकीजवळ ठेवून मी सात रस्ता चौकातल्या दुकानांत गेले. पहिल्या दुकानात काउंटरवरची मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी रॉकेलचा स्टोव्ह मागतेय. "छोटा कॅमेरा? ते आता येतच नाहीत मॅडम. फोन घ्या की." दुसरं दुकान मोठं होतं, गार हवेचं. तिथं कॅमेरे होते, पण किंमत ऐकून मला वाटलं, या माणसाची एका शून्याची चूक झाली. मी परत विचारलं. चूक नव्हती. वर तो म्हणाला, "ही फक्त बॉडीची किंमत हं मॅडम. लेन्स वेगळी." डोळ्यांशिवाय माणूस विकावा तसं मला ते वाटलं. मी पाणी पिऊन बाहेर पडले.

परत येताना एका बोळाच्या तोंडाशी जुना फोटो स्टुडिओ दिसला. बाहेर झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत, अशा पाट्या. मालक सत्तरीच्या आसपासचे, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. फोनवर बायकोशी तेलुगूत काहीतरी वाद चालला होता, बहुतेक जेवायला यायच्या वेळेवरून. त्यांच्या मागच्या काचेच्या कपाटात आठ-दहा छोटे डिजिटल कॅमेरे ओळीनं मांडलेले होते.

"विकायचे आहेत का हे?" मी विचारलं.

"आहेत की. मी भंगारात घालणार होतो. आता कॉलेजच्या मुली येऊन मागतात. यातले फोटो जुने दिसतात म्हणून आवडतात म्हणे त्यांना." ते हसले. "तुम्हाला कशाला पाहिजे?"

"नातीचे फोटो काढायला. घरातलेच. रोजचे."

"घरात उजेड किती येतो?"

हा प्रश्न मला त्या दिवशी दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं, एकच खिडकी आहे, समोर यंत्रमागाच्या शेडची भिंत आहे, भर दुपारीही दिवा लावावा लागतो.

"मग फ्लॅश दणकट पाहिजे. बाकीचं सोडा."

त्यांनी तीन कॅमेरे काउंटरवर ठेवले. पहिला लाल, चपटा, देखणा. मी तोच उचलला. "तो ठेवा," ते म्हणाले. "त्याची बॅटरी आता मिळत नाही. मेली की कॅमेरा मेला." दुसऱ्याचं भिंग दुर्बिणीसारखं लांब बाहेर यायचं. "हा पाखरांचे फोटो काढणाऱ्यांना. तुमची नात काय झाडावर बसणार आहे?" तिसरा करड्या रंगाचा, जाडसर, अंगानं ओबडधोबड. त्यात घड्याळात घालतो ते साधे पेन्सिल सेल बसत होते. कार्डही साधं, कुठंही मिळणारं. मी मेगापिक्सेल किती आहेत ते विचारलं, कारण तेवढा एकच शब्द मला माहीत होता.

"तो आकडा विसरा मॅडम. भिंतीएवढा फोटो लावणार आहे का तुम्ही? पोस्टकार्डाएवढा छान निघेल. फ्लॅश बघा याचा." त्यांनी माझ्यावरच बटण दाबलं. माझ्या डोळ्यांपुढं बराच वेळ हिरवे ठिपके नाचत राहिले.

तो मी घेतला. वापरलेला असल्यामुळे माझ्या अंदाजापेक्षाही स्वस्त पडला. "आठ दिवस वापरून बघा," त्यांनी सांगितलं. "नाही पटला तर आणून द्या. मी काही पळून जात नाही."

संध्याकाळी नात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कडक भाकरीचा तुकडा चघळत होती. मी समोर फरशीवर मांडी घातली आणि "इकडे बघ, भू बघ," म्हणत बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. ती दचकली, मग खुदकन हसली आणि म्हणाली, "अजुन!" मी अजून काढला. मग लेकीचा काढला, लेकीनं माझा काढला, दोघी मायलेकींचा एकत्र काढला. पहिल्या दिवशीच तीसेक फोटो झाले असतील.

मग कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर ते बघत आम्ही पलंगावर बसलो. माझे डोळे लाल आले होते, लेकीचेही लाल. नातीच्या फोटोशी आल्यावर लेकीनं बटण दाबून चेहरा मोठा केला.

"आई, हे काय गं?"

नातीचा उजवा डोळा आमच्यासारखाच लाल ठिपक्याचा होता. डावा पांढरा. डोळ्याच्या मधे काळी बाहुली असते ना, तिथं दुधाळ, किंचित पिवळट गोल चकाकत होता, नाण्यासारखा.

"मांजर झालंय माझं पिल्लू," लेक हसत म्हणाली. मीही हसले. पुढच्या फोटोत ती बाजूला बघत होती, त्यात डोळा काळाच होता. त्याच्या पुढच्यात परत पांढरा. "गेला बघ तुझा कॅमेरा. उगाच जुना घेतलास."

मी तिला लाल डोळ्यांचं कारण समजावून सांगितलं. फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्यावर पडतो, तिथं रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, म्हणून तो लाल होऊन परत येतो. सातवी-आठवीच्या वर्गांना डोळ्याचा धडा मी किती वेळा शिकवला असेल, त्याची गणती नाही. फळ्यावर न बघता आकृती काढायचे. बाहुली, भिंग, पडदा, सगळ्यांना बाण. लाल का, हे मला ठाऊक होतं. मग एक डोळा लाल का नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. वर्गातल्या कुठल्याही धीट पोरीनं तो विचारला असता.

दुसऱ्या दिवशी लेक अभ्यासिकेत गेल्यावर मी नातीला कडेवर घेतलं, कॅमेरा पिशवीत टाकला आणि रिक्षानं स्टुडिओत गेले. आणि मी सुरुवातीला सांगितलं तसं बोलले. "कॅमेरा खराब आहे तुमचा. एक डोळा पांढरा येतोय. माहीत असून दिलात का?"

ते चिडले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, फोटो पुढं-मागं करून बघितले. माझा फोटो काढला. स्वतःकडे कॅमेरा वळवून स्वतःचाही काढला. "आपले दोघांचे तर बरोबर येतायत," ते पुटपुटले. मग कपाटातला लाल कॅमेरा काढला, त्यात कार्ड घातलं आणि नातीसमोर चुटकी वाजवून फोटो काढला. पडद्यावर बघितलं. आत गेले आणि पासपोर्ट फोटो काढायचा त्यांचा मोठा कॅमेरा घेऊन आले. नातीला बिस्कीट दिलं, स्टुलावर बसवलं, फोटो काढला.

हा फोटो त्यांनी संगणकावर उघडला. मोठ्या पडद्यावर माझ्या नातीचं तोंड आलं, ओठाला बिस्किटाचा चुरा लागलेलं. एक डोळा लाल. एक डोळा पांढरा.

तीन कॅमेरे. त्या क्षणी मला कळायला हवं होतं. पण मी म्हणाले, "तुमचे सगळेच कॅमेरे असे कसे हो?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मॅडम, कॅमेरे चांगले आहेत," ते इतक्या हळू म्हणाले की मला पुढं वाकावं लागलं. "तुम्ही तिचा हा उजवा डोळा हातानं झाका."

मी झाकला. नातीनं माझा हात जोरानं झटकला आणि किंचाळली. परत झाकला, तर बिस्कीट टाकून रडायला लागली.

"आता डावा झाका."

मी डावा झाकला. ती गप्प झाली. हुंदके देत तिनं उजव्या डोळ्यानं बिस्कीट शोधलं, उचललं आणि खायला लागली. माझा हात तिच्या डोळ्यावर तसाच होता. तिला त्याची काही अडचणच नव्हती.

त्या डोळ्यानं तिला दिसत नव्हतं. माझ्या हाताखालचा डोळा बंद असला काय, उघडा असला काय, तिला सारखंच होतं. स्टुलाला धरून मी उभी होते आणि बाहेर झेरॉक्स काढायला आलेली एक बाई "ओ काका, आधार कार्डाच्या दोन प्रती," असं परत परत म्हणत होती, तेवढं मला ऐकू येत होतं.

त्यांनी त्या बाईला नंतर यायला सांगितलं. मग मला बसवून म्हणाले, "मी डॉक्टर नाही. पण एक सांगतो, ते ऐका आणि मग माझ्यावर रागवायचं तर रागवा. खूप वर्षांपूर्वी, रोलचे कॅमेरे होते तेव्हा, एक नवरा-बायको पोराला घेऊन आले होते. वाढदिवसाचा फोटो. धुतल्यावर बघतो तर एक डोळा असाच, पांढरा. मला वाटलं माझी चूक झाली. गिऱ्हाईक काय म्हणेल? मी बारीक कुंचला घेतला, काळी शाई घेतली, डोळ्यात बाहुली रंगवली आणि फोटो दिला. लई छान आलाय म्हणाले." त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "वर्षाच्या आत तीच माणसं तोच फोटो घेऊन आली. मोठा करून द्या म्हणाली. हार घालायच्या मापाचा."

मी नातीला स्टुलावरून उचलून मांडीवर घेतलं.

"फोनमध्ये आता कोण फ्लॅश मारतंय? आणि मारला तरी फोनच डोळे काळे करून देतो. माझ्यासारखंच काम करतो तो," ते म्हणाले. "आज जा मॅडम. उद्यावर टाकू नका."

त्यांनी शटर खाली ओढलं. भर सकाळी, गिऱ्हाइकाच्या वेळेला. रिक्षा थांबवली आणि आमच्याबरोबर बसले. कुठल्या डॉक्टरकडे जायचं हे रिक्षावाल्याला त्यांनीच सांगितलं. नात माझ्या मांडीवर बसून रस्त्यावरच्या म्हशींना टाटा करत होती. मी तिचा डावा डोळा बघत होते. काळाभोर, टपोरा, पापण्या लांब. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर त्यात काहीही वावगं दिसत नव्हतं. म्हणजे किंचित तिरळेपणा होता, पण तो आम्हाला गोड वाटायचा.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी डोळ्यांत थेंब घालायला लावले, तासभर बसवून ठेवलं. मग अंधाऱ्या खोलीत कपाळाला दिवा लावून त्या वाकल्या. मी नातीचं डोकं धरलं होतं, स्टुडिओवाल्यांनी पाय. ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती. डॉक्टर आधी उजवा डोळा बघत होत्या, मग डावा. डाव्याशी त्या खूप वेळ थांबल्या. मग त्यांनी खोलीतला दिवा लावला.

"पडद्यावर गाठ आहे," त्या म्हणाल्या. "लहान मुलांना होणारा डोळ्याचा कॅन्सर असतो, तो असावा असं मला वाटतंय. इथं त्याचे उपचार होणार नाहीत. हैदराबादला जावं लागेल, या आठवड्यातच. आई-वडील कुठं आहेत?"

कॅन्सर हा शब्द मी आजवर म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ऐकलेला. पावणेदोन वर्षांच्या, अजून दाढाही धड न आलेल्या पोरीला तो कसा होईल? मी डॉक्टरांना विचारलं, "तुमची काही चूक तर होत नाही ना?" दोन तासांत मी दुसऱ्यांदा कुणाला तरी चूक ठरवायला निघाले होते. त्या म्हणाल्या, "चूक झालेली असली तर मलाच सगळ्यात आनंद होईल."

लेकीला फोन केला तो मला आठवत नाही. काय बोलले कोण जाणे. ती अभ्यासिकेतून धावत आली, हातात पेन तसंच होतं. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकदम शांतपणे विचारलं, "मॅडम, काल फोटोत डोळा बघून मी हसले होते. एका दिवसानं काही बिघडलं असेल का?"

डॉक्टर नाही म्हणाल्या, तेव्हा ती रडली.

दुपारच्या गाडीनं जावई आणि विहीणबाई केमहून आले. जावयांनी दारातच मुलीला उचललं आणि ते तिला खाली ठेवेचनात. विहीणबाई भिंतीला टेकून बसल्या, चहाला हात लावला नाही. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, जवळ धरून बघितला आणि म्हणाल्या, "व्हय. असंच दिसतंय."

"म्हणजे?"

"सांजच्याला देवापुढं दिवा लावती तवा ही माझ्या मांडीवर असती की. तवा तिचा ह्यो डोळा असाच चमकायचा. दोन-तीन महिनं झालं आसंल. मी म्हनलं, देवाचं तेज हाय पोरीत. कुनाला बोलली न्हाय. बोललं तर नजर लागंल म्हनून."

माझ्या अंगातून जाळ उठला. तीन महिने! या बाईनं तीन महिने बघितलं आणि तोंड उघडलं नाही! मी बोलणारच होते. पण त्यांच्या हातात तो कॅमेरा होता, आणि पडद्यावर मी काल काढलेला फोटो होता. डोळ्याची आकृती पाठ असलेल्या बाईनं तो फोटो बघितला होता आणि दुकानदाराशी भांडायला गेली होती. मी उठले आणि त्यांच्यासाठी परत चहा ठेवला.

हैदराबादच्या इस्पितळात तपासण्यांना तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हा चौघांना बसवलं. गाठ डाव्या डोळ्यातच होती, पण डोळ्याचा बहुतेक भाग तिनं व्यापला होता. उजवा डोळा स्वच्छ होता.

"डोळा वाचेल?" जावयांनी हिंदीत विचारलं.

"नाही. डोळा काढावा लागेल. मुलगी वाचेल."

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की मला त्यांचा राग आला आणि पाच मिनिटांनी त्यांचे पाय धरावेसे वाटले. अजून काही महिने गेले असते तर गाठ डोळ्याच्या मागच्या नसेतून डोक्याकडे गेली असती, असं त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवलं. बाहुली, भिंग, पडदा. माझ्याच फळ्यावरची आकृती. मी ती पूर्ण बघू शकले नाही, खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

सही करताना लेकीचा हात थांबला. "ही मोठी झाल्यावर मला काय म्हणेल?" ती म्हणाली. त्यावर विहीणबाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "म्हनू दे की काय म्हनायचं ते. म्हनायला र्‍हाईल तर खरं. कर सही."

शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही चौघं एका बाकावर बसलो होतो. मी मनात एक चित्र तयार ठेवलं होतं: पोर पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेली, मलूल, महिनाभर अंथरुणावर. आणि खरं सांगते, त्या सगळ्या दिवसांत मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का दुसऱ्या दिवशी सकाळचा. भूल उतरून रात्र झोपेत गेली होती. सकाळी मी दूध घेऊन वॉर्डात आले, तर डोळ्यावर भलामोठा पांढरा बोळा चिकटवलेली माझी नात पलंगावर उभी राहून उड्या मारत होती. शेजारच्या पलंगावरच्या मुलाचं केळं तिला हवं होतं. "केळं! केळं दे!" असा तिचा ओरडा बाहेरच्या जिन्यापर्यंत येत होता. त्या डोळ्यानं तिला कित्येक महिन्यांत दिसतच नव्हतं, त्यामुळे गेलं काय हे तिला कळलंही नव्हतं. आम्ही चार मोठी माणसं रडून सुजलेली, आणि ती केळ्यासाठी भांडत होती. नर्स म्हणाली, सगळी लहान मुलं अशीच असतात, आई-वडिलांनाच पलंगावर झोपवावं लागतं.

पुढचे आठ दिवस गाठीच्या अहवालाची वाट बघण्यात गेले. नसेत काही शिरलेलं नव्हतं. पुढं केमोच्या औषधांची, सलाईनची गरज पडली नाही. दीड महिन्यानं खोटा डोळा बसवला. तो काचेची गोटी असतो असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात ती हलक्या प्लॅस्टिकची वाटोळी कवडी असते, आणि एक माणूस नातीला समोर बसवून, तिच्या उजव्या डोळ्याकडे बघत बघत, ती हातानं रंगवत होता. तपकिरी रंगाच्या किती छटा असतात हे मला त्या दिवशी कळलं. तो बसवल्यावर लेकीनं तिच्याकडे बघितलं आणि पदर तोंडात धरला. कुठला डोळा खरा, हे पटकन ओळखू येत नव्हतं.

लेकीची त्या वर्षीची परीक्षा बुडाली. पुढच्या वेळी ती बसली, पण निवड झाली नाही. परत बसणार आहे. स्टुडिओवाले आजोबा (आता आम्ही सगळे त्यांना आजोबाच म्हणतो) केमला जाऊन आले, सपत्नीक. जावयांनी त्यांना शेतातल्या तुरीची पाच किलो डाळ दिली, ती घ्यायला ते तयार होईनात, तर त्यांच्या बायकोनं तेलुगूत काहीतरी सुनावून ती स्वतःच पिशवीत भरली.

दर काही महिन्यांनी नातीला हैदराबादला नेतो. भूल देऊन तिचा उजवा डोळा तपासतात. तेवढा अर्धा तास आम्ही सगळे दाराकडे बघत बसतो. आजवर तो स्वच्छ निघालाय. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता तपासण्यांमधलं अंतर वाढवू.

ती आता चार वर्षांची आहे. केमच्या अंगणवाडीत जाते. मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा अंगणवाडीच्या बाई घरी आल्या, चेहरा गंभीर. मला वाटलं, कुणीतरी चिडवलं असणार, कुणीतरी काहीतरी बोललं असणार. लेकही हातातलं काम टाकून बाहेर आली.

"अवो, हिनं काल वर्गात डोळा काढून सगळ्यांना दाखवला," बाई म्हणाल्या. "पोरं भ्यायली असतील म्हणून मी धावले. तर ही सांगतेय, ह्यो हैदराबादचा डोळा हाय, लई भारी असतो, धुता येतो. आज सकाळी वर्गातल्या दोन पोरींच्या आया माझ्याकडं आल्या. त्यांच्या पोरी रातभर रडल्यात. त्यांना बी हैदराबादचा डोळा पायजे म्हणतात."

विहीणबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या इतक्या हसल्या की सुपातल्या शेंगा खाली सांडल्या. नात ओट्याखाली उकिडवी बसून त्या एकेक वेचायला लागली. वेचताना डाव्या बाजूच्या शेंगा तिला दिसल्या नाहीत, मग तिनं सवयीनं मान वळवली आणि त्याही वेचल्या.